शेफर्ड मिक्स पिल्लू तात्पुरतं सांभाळायला आणलंय. कायमचं ठेवून घ्यावं, की चांगलं घर बघून द्यावं?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात कळंब्यात फ्लॅटमध्ये राहता, दोघंही नोकरीला जाता, मुलगी सात वर्षांची आहे. आठवड्यापूर्वी दोन महिन्यांची शेफर्ड मिक्स मादी काही दिवसांपुरती सांभाळायला आणलीत आणि आता मुलगी तिला सोडायला तयार नाही. शेवटच्या ओळीत हेही आलंय की तिला म्हशीचं दूध पाजताय आणि जुलाब होताहेत. मी त्या ओळीपासूनच सुरू करते.

दूध आजच बंद करा. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर धार काढून दिलेलं दूध पिणाऱ्या गावात दूध कुणाला बाधेल हे पटत नाही, पण आईपासून सुटलेल्या पिल्लाला त्यातली साखर नीट पचत नाही आणि पोट बिघडतं. मऊ शिजवलेला भात आणि तिखट-मसाला न घातलेलं उकडलेलं चिकन कुस्करून थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. पोट जागेवर आलं की हळूहळू पिल्लांचं तयार खाणं सुरू करा. रश्शातला भात अजिबात नको, मग तो पांढरा असो की तांबडा. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं आणि बेदाणेही नकोत, त्याने मूत्रपिंड जातं. आणि उलटी झाली, शीमध्ये रक्त दिसलं, किंवा पिल्लू खाणं सोडून कोपऱ्यात पडून राहिलं, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरकडे न्या. मी हे का सांगते ते पुढे येईल.

माझ्याकडे ठुशी आली ती 2021 च्या जुलैत. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली होती, शिरोलीजवळ हायवेवर पाणी होतं. पाणी उतरताना ओळखीच्या एका मुलाने तिकडच्या एका टपरीखालून दोन पिल्लं काढली. एक त्याच रात्री गेलं. दुसरं जॅकेटात गुंडाळून तो मंगळवार पेठेत आमच्या दारात आला. ‘मॅडम, चार दिवस ठेवा फक्त.’ काळी पाठ, तांबूस पाय, आणि गळ्याभोवती फिकट केसांची दाट कडी. सासूबाईंनी ती कडी बघितली आणि नाव ठेवलं, ठुशी.

आमच्याकडे तेव्हा एक म्हातारा गावठी कुत्रा होता, म्हणून ठुशीला मागच्या न्हाणीघरात चौदा दिवस वेगळं ठेवायचं ठरवलं. सहाव्या दिवशी तिने पिवळी उलटी केली, संध्याकाळपर्यंत शी लाल झाली. पार्वो, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांचा विषाणूजन्य आजार. चार दिवस सकाळ-संध्याकाळ तिला मांडीवर घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसले, पायातून सलाईन चालू. पाचव्या दिवशी तिने माझं बोट चाटलं आणि भाताचं एक शीत खाल्लं. पार्वोवर आपल्याकडे सहज मिळणारं थेट औषध नाही. पाणी, क्षार आणि उलटी थांबवणारी औषधं देत पिल्लाला तगवून धरायचं, एवढंच हातात असतं. म्हणून लवकर नेण्याला एवढी किंमत आहे. हा विषाणू फरशीवर, मातीत महिनोन् महिने टिकतो आणि आपल्या घरगुती फिनाईलने मरेल असा भरवसा नाही. आधी जागा धुऊन घ्यायची, मग साधं ब्लीच एकास तीस पाण्यात मिसळून दहा मिनिटं ओलं ठेवायचं. तुमच्या पिल्लाला पहिली लस दिली आहे का, हे ज्यांनी पिल्लू दिलं त्यांना आजच विचारा. सहा ते आठ आठवड्यांना पहिली, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांना. आपल्याकडे पुराचं पाणी आणि उंदीर दोन्ही आहेत, म्हणून लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा भाग असलेली लस घ्या.

रेबीजवरून तुमच्या मुलीबद्दल एक गोष्ट. वाचवून आणलेल्या पिल्लाची आई कोण, तिला काय झालं होतं, हे कुणालाच सांगता येत नाही, आणि रेबीज लहान पिल्लालाही होतो. खेळताना दात लागून रक्त आलं, नुसता ओरखडा उठला तरी, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सीपीआर रुग्णालयात जायचं. मुलं ओरखडे लपवतात. पिल्लू परत पाठवतील या भीतीने लपवतात. तिला आधीच जवळ घेऊन सांगा, ‘तू दाखवलंस म्हणून पिल्लू जाणार नाही.’ आणि तो शब्द पाळा.

आता तुमचा खरा प्रश्न. ठुशी तीन महिन्यांची झाली, म्हाताऱ्या कुत्र्यामुळे दोन जनावरं झेपणार नाहीत असं आम्हाला वाटत होतं, म्हणून मी व्हॉट्सअ‍ॅपवर तिचा फोटो टाकला. वर लिहिलं, ‘जर्मन शेफर्ड मिक्स, फिमेल, चांगल्या घरी द्यायची आहे.’ दोन दिवसांत तीसेक फोन आले. ‘प्युअर आहे का ओ?’ ‘कान उभे राहतील न्हवं?’ मादी म्हटल्यावर निम्मे फोन तिथेच संपत होते. ती एवढ्या मोठ्या आजारातून उठलीय हे मी सांगत होते, त्यावर कुणी एक प्रश्न विचारला नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं की लोक ठुशीसाठी फोन करत नव्हते, मी लिहिलेल्या एका शब्दासाठी करत होते.

शेवटी शहराबाहेर फार्महाऊस असलेल्या एका कुटुंबाला दिली. माणसं गोड बोलली, जागा मोठी होती, मी खूश झाले. एकोणिसाव्या दिवशी न सांगता बघायला गेले. फाटकाच्या खांबाला हातभर साखळीने बांधलेली, दोन्ही कानांत पुठ्ठा घालून वरून चिकटपट्टी. पट्टीखाली कातडी सोलली होती. घरचे म्हणाले, ‘कान पडलेत. हा जर्मन नाही, फसवलंत तुम्ही.’ त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. साखळी सोडली, तिला दुचाकीवर पुढे घेतलं आणि घरी आणली. सासूबाईंनी दारातच तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. म्हणाल्या, ‘आता कुटं न्यायची न्हाई हिला.’ तेवढ्यात दत्तक झाली.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, ‘शेफर्ड’ हा शब्द बाजूला ठेवून पिल्लाकडे बघा. काळी पाठ आणि तांबूस पाय गावठी कुत्र्यांतही सर्रास दिसतात. नुसतं बघून जात ठरवणं जाणत्या माणसांनाही नीट जमत नाही. शुद्ध शेफर्डचे कानही दात बदलताना, म्हणजे चार ते सहा महिन्यांत, वर-खाली होतात. मिश्र पिल्लाचे कदाचित कधीच उभे राहणार नाहीत, किंवा एकच राहील. ठुशीचा डावा उभा आहे, उजवा टोकाशी दुमडलेला. कान उभे राहावेत म्हणून कॅल्शियमच्या बाटल्या पाजायला सांगणारे तुम्हाला भेटतीलच. मोठ्या अंगाच्या पिल्लाला जास्तीचं कॅल्शियम दिलं तर हाडं नीट वाढत नाहीत. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नका.

तरीही दोन ठिकाणी हा शब्द उपयोगाचा आहे. पहिलं, औषध. आपल्याकडे खरजेवर आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन सहज दिलं जातं. 2001 साली अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की कोली जातीच्या काही कुत्र्यांत एमडीआर वन नावाच्या जनुकात बिघाड असतो, त्यामुळे हे औषध मेंदूत साठतं. तोच बिघाड काही जर्मन शेफर्डमध्येही सापडतो. खरजेचा डोस मोठा असतो, म्हणून डॉक्टरांना आधीच सांगा की हिच्यात शेफर्ड असू शकतं. दुसरी औषधं आहेत. गोचीड झाले तर म्हशींवर मारायचं औषध कुणी दिलं तरी लावू नका. नसबंदीसुद्धा नक्की करा, पण वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा. शेफर्डमध्ये वर्षाच्या आत केली तर सांध्यांचे त्रास वाढतात असं आढळलंय, आणि या जातीत खुब्याचं दुखणं मुळातच जास्त आहे.

दुसरं, स्वभाव. माझे सासरे हिला अजून अल्सेशियन (जर्मन शेफर्डचंच जुनं नाव) म्हणतात, आणि अल्सेशियन म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर बंगल्याचा राखणदार येतो. पण 1899 मध्ये जर्मनीत माक्स फॉन श्टेफानित्स यांनी ही जात बांधायला घेतली ती मेंढरांच्या कामासाठी. कुंपण नसलेल्या शेताच्या कडेने दिवसभर फेऱ्या मारायच्या आणि मेंढरांना पिकात शिरू द्यायचं नाही. आपल्या धनगरांचा कुत्रा रात्री मेंढरांच्या वाड्याची राखण करतो. शेफर्डचं काम दिवसभर पळण्याचं. हे रक्त थोडं जरी असलं तरी तुमची मुलगी हॉलमध्ये पळाली की पिल्लू मागून जाऊन घोट्याला तोंड घालणार. त्यात राग नसतो. मारू नका. मुलीला जागच्या जागी थांबायला शिकवा आणि पिल्लाच्या तोंडात दोरीचं खेळणं द्या. ठुशीला हे सुटायला पाच महिने लागले, आणि आमच्याकडे दिवसभर घरात माणूस होतं.

तोच मुद्दा मला तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठा वाटतो. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांपलीकडे शू धरवत नाही. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ते एकटं राहिलं तर घाण करेल हा लहान प्रश्न आहे. रडून रडून एकटेपणाची धास्ती घेईल हा मोठा. पुढचे चार महिने दुपारी कोण येणार? आजी-आजोबा, शेजारच्या काकू, पगार देऊन कुणी, कुणीही चालेल, पण तो माणूस आत्ता नावानिशी डोळ्यांसमोर हवा. असेल तर ठेवून घ्या, मुलीचा हट्ट बरोबर आहे. नसेल, तर तिला समोर बसवून खरं कारण सांगा.

निर्णय काहीही होवो, एक काम मात्र तुमच्यावरच पडलंय आणि त्याला मुदत आहे. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जे बघतं-ऐकतं त्याला ते आपलं मानतं. तुमच्या हातात चार-पाच आठवडे उरलेत. लसी पूर्ण नाहीत म्हणून रस्त्यावर खाली सोडायचं नाही, आणि घरात कोंडूनही ठेवायचं नाही. ठुशीला मी कापडी पिशवीत छातीशी बांधून रंकाळ्यावर न्यायचे. भेळेच्या गाड्या, छत्रीवाली माणसं, काठी टेकत चालणारे आजोबा, शाळकरी पोरं, सगळं उंचावरून बघायची. प्रत्येक नव्या गोष्टीला चिकनचा एक कण. गणपतीत ढोलाचा आवाज दोन गल्ल्या लांबून ऐकवला, ती आखडली की मागे फिरायचो. आज कुकरची शिट्टी आणि दिवाळीतले लवंगी फटाके ती झोपेतच ऐकते. मोठ्या बाँबला अजून पलंगाखाली जाते, तेव्हा मीही तिथे जमिनीवर बसते.

सोसायटीचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. कुत्रा पाळायला सरसकट बंदी घालण्याचा अधिकार सोसायटीला नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने तसं स्पष्ट केलंय. पण जिन्यातली घाण स्वतः पुसा आणि लसीकरणाचं कार्ड सेक्रेटरींना स्वतःहून दाखवा. निम्मी कुरकुर तिथेच थांबते.

द्यायची ठरली तर घाई नको, लसी होऊ देत. जाहिरातीत असं लिहा: ‘मादी, चार महिन्यांची, लसी झालेल्या. मिश्र जात. मध्यम ते मोठी होईल, कान कसे होतील सांगता येत नाही. मुलांबरोबर वाढली आहे. घरात माणसांसोबत ठेवणाऱ्यांनाच देऊ.’ फोटो कान आडवे असलेलाच टाका. फोन कमी येतील. जे येतील त्यांना विचारा, ती रात्री कुठे झोपणार, दुपारी घरात कोण असतं, गावाला गेलात तर तिला कोण बघणार. पत्र्याची शेड, शेतावरचा गडी, गच्ची, असली उत्तरं आली तर नको म्हणा. घर आधी स्वतः जाऊन बघा, आणि दिल्यावर पहिल्या महिन्यात दोनदा तरी जाणार हे लिहून घ्या. त्यातली एक फेरी न सांगता. मी एकोणीस दिवस थांबले होते. तुम्ही चौथ्या दिवशी जा.