लोक नोंदणी अर्ध्यावर का सोडतात?

तुमचा प्रश्न असा की ॲप डाउनलोड होतं, पण नोंदणी पूर्ण न करताच लोक निघून जातात. फॉर्म बदलण्याआधी, पाच जण तो भरत असताना त्यांच्या शेजारी जाऊन बसा. पाच जणांच्या चाचणीत बहुतेक अडचणी समोर येतात, हे ॲप-वेबसाइट वापरायला किती सोप्या आहेत याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी २००० सालीच सांगितलंय.

दूध संकलनाच्या एका ॲपसाठी मी खानापूर तालुक्यात एका काकूंच्या सोप्यात बसले होते. त्यांनी राज्य 'कर्नाटक' निवडलं आणि पुढचा अख्खा फॉर्म कन्नडमध्ये उघडला. काकू मराठी शाळेत शिकलेल्या. फोन हळूच माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "तूच भर की गं." राज्यावरून भाषा ठरवणं ही आमची चूक होती, निपाणी, खानापूर, बेळगावात ती लगेच उघडी पडते. भाषा पहिल्याच स्क्रीनवर विचारा, आणि प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत दाखवा.

दुसरा अडथळा ओटीपीचा. काकू मेसेज बघून परत आल्या तर फॉर्म कोरा! भरलेली माहिती जपलीच पाहिजे. अँड्रॉइडवर एसएमएस रिट्रीव्हर ही गूगलची सोय वापरलीत तर एसएमएसची परवानगी न मागता कोड आपोआप भरता येतो. मात्र मेसेजमध्ये ॲपचा ११ अक्षरी हॅश, म्हणजे ॲपची ओळख पटवणारा कोड, लागतो.

बघताना मदत करू नका, फार जड गेलं तरी. "सोपं वाटलं का?" विचारलं की आपली माणसं भिडेखातर हो म्हणतात. "हे बटण दाबलं की काय होईल असं वाटतंय?" असं विचारा. मग दुरुस्ती करून नव्या पाच जणांकडे जा.