सरोगसीच्या करारात जावेकडून काय काय लिहून घेता येतं?

तुम्ही विचारलंय की धाकटी जाऊ तुमच्यासाठी सरोगेट व्हायला, म्हणजे तुमचं मूल तिच्या पोटात वाढवायला, तयार आहे, तर नऊ महिने तिनं तुमच्याच घरी राहावं, नोकरी सोडावी आणि गर्भपात करू नये, असं स्टॅम्प पेपरवर लिहून घेता येईल का. ताई, लिहून काहीही घेता येतं. ठाण्यात कोर्ट नाक्यावर टायपिंगवाला अर्ध्या तासात छापून देईल. पण कोर्टात ते टिकणार नाही.

मी इथेच वकिली करते. दोनेक वर्षांपूर्वी कळव्याचं एक जोडपं नेटवरून उतरवलेला कुठल्यातरी परदेशी कराराचा मसुदा घेऊन आलं. २१ कलमं, सगळी इंग्रजीत. मी एकेक मराठीत सांगत होते. त्यातलं एक, 'सरोगेट माता जिने चढणार नाही.' बाकाच्या टोकाला बसलेली जाऊ तेव्हा पहिल्यांदा बोलली, "मॅडम, मी तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाहीये." सासूबाई लगेच म्हणाल्या, "अगं, नऊ महिन्यांचाच तर प्रश्न आहे." मी पेन्सिल घेऊन ते कलम खोडलं, आणि मग खोडतच गेले.

२०२१ चा सरोगसी कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. जावेचं वय २५ ते ३५ हवं, लग्न झालेलं हवं, स्वतःचं मूल हवं, आणि हे आयुष्यात एकदाच करता येतं. संमती लेखी, तिला समजणाऱ्या भाषेत, धोके सांगून घ्यायची. गर्भ तिच्या गर्भाशयात सोडेपर्यंत ती सरळ 'नको' म्हणू शकते. त्यासाठी दंड लावणारं कलम घालायचा विचारही करू नका.

आता गर्भपात, कारण तुमच्या प्रश्नात खरी धाकधूक तीच आहे. तिच्यावर गर्भपाताची सक्ती तुम्हाला करता येत नाही. करायचाच झाला तर तिची लेखी संमती आणि सक्षम प्राधिकाऱ्याची, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी यंत्रणेची, परवानगी लागते, शिवाय १९७१ च्या गर्भपात कायद्याच्या अटी आहेतच. त्या कायद्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती लागते, नवऱ्याचीही नाही, मग मोठ्या जावेची कुठून? मूल जन्माला घालायचं की नाही हा निर्णय व्यक्तिस्वातंत्र्याचा, म्हणजे घटनेच्या कलम २१ चा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्येच म्हटलंय. असा हक्क ती सही करून तुमच्या नावावर करू शकत नाही.

तिच्याही मर्जीला कुंपण आहे. जन्मलेलं बाळ कायद्यानं तुमचंच, ते ती ठेवून घेऊ शकत नाही. तुम्हीही मुलगी झाली, जुळं झालं, व्यंग निघालं म्हणून नाकारू शकत नाही.

आणि पैसे. दवाखान्याचा खर्च, ३६ महिन्यांचा विमा, नियमात बसणारे इतर खर्च, एवढंच. कळव्याच्या जोडप्याला तिला दोन तोळ्यांच्या पाटल्या द्यायच्या होत्या, तेही करारात लिहून. मोबदला म्हणून काहीही द्यायला बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मला स्वतःला हे पटत नाही. डॉक्टर फी घेतो, लॅब घेते, मी घेते, स्टॅम्प व्हेंडरसुद्धा घेतो. जिचं पोट वाढतं तिनं मात्र प्रेमापोटी करायचं. बाजार बंद व्हावा म्हणून हे केलं, हे समजतं. पण एकत्र कुटुंबात धाकट्या सुनेला 'नाही' म्हणणं किती सोपं असतं, हे कायदा करणाऱ्यांनी कुणा जावेला विचारायला हवं होतं.

तुम्ही काय करा, तर करारात तुमच्या जबाबदाऱ्या लिहा: विमा, रजेत बुडणारा पगार नियमात बसतो का ते तपासून, तिच्या मुलाला कोण सांभाळणार, बाळंतपणानंतर काही गुंतागुंत झाली तर काय. आणि सहीआधी तिला एकटीला तिच्या पसंतीच्या वकिलाकडे जाऊ द्या.

त्या दिवशी मी बाकीच्यांना खाली चहाला पाठवलं. जाऊ जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "करायचंय मला, खरंच. फक्त सोनोग्राफीला सोबत कोण येणार ते मी ठरवणार. तेवढं घाला." ते आम्ही पहिलं कलम म्हणून घातलं.