कोयनेच्या खोऱ्यात आता नवीन काय बघणार, असं विचारणारीला

अगं पोरी,

कुकचा फ्लोरा, म्हणजे मुंबई इलाख्यातल्या झाडाझुडपांचं ते जुनं पुस्तक, चाळला आणि हातपाय गळाले म्हणतेस, सगळं तर साहेबांनी लिहून ठेवलंय, मग मी वही घेऊन काय करू. आधी नीट वाच तरी! नाव आणि वर्णन वाचून पान उलटतेस तू. त्याच्या खाली बघ, झाड कुठे मिळालं, कुणाला मिळालं, कुठल्या महिन्यात फुलतं. १९०१ ते १९०८ मधे छापलेलं पुस्तक आजही कामाला येतं ते त्या दोन ओळींमुळे. तारीख आणि जागा. बाकीचं नंतर.

हे खोरं आहेच तसलं. नदी महाबळेश्वरला निघते, सह्याद्रीच्या कडेकडेने दक्षिणेला येते, हेळवाकला पूर्वेकडे वळते नि कराडला कृष्णेला मिळते, आता कोयना धरणाजवळच्या नवजाला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि कराडला त्याच्या पाव हिश्शाएवढाही नाही, मग "कोयना खोऱ्यात दिसलं" एवढंच लिहून काय कळणार, कप्पाळ? सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, की ओढ्यात? कुठल्या वाडीच्या वर? मूळचा नदीकाठ तर शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पाण्याखाली गेला. तो ज्यांना तोंडपाठ होता ती गवळी-धनगर माणसं मी इकडे येईपर्यंत पांगली होती. त्याची हळहळ अजून जात नाही.

सप्टेंबरात सड्यावर जा. जांभ्यावर बोटभर माती, तिच्यावरून पाणी पाझरतंय आणि सीतेची आसवं, ती किडे खाणारी इवली रोपं, निळीजांभळी पसरलेली. फोटो सगळेच काढतात. तू पालथी पड, पाण्याने उघडं पडलेलं एखादं रोप भिंगातून बघ (उपटायचं नाही हं), चिखलातल्या धाग्यांना बारीक बारीक फुगे दिसतील, त्यातच ते सूक्ष्म जीव पकडतं. दिसलं की तिथेच लिही, तारीख, जागा, पाणी किती बोटं. पुढच्या वर्षी परत त्याच खळग्यापाशी.

कारवीचं झुडूप सात वर्षांनी फुलतं हे पोरासोरांनाही पाठ आहे. पण कुठल्या उतारावरची कुठल्या साली फुलली विचार, सगळे एकमेकांची तोंडं बघतात.

ग्रुपवर कुणी फोटो टाकला की मी आधी "कुठे? कधी?" विचारतो म्हणून मला खडूस म्हणतात, एका ग्रुपमधून तर काढलंच. काढेनात का. नाव चुकलं तर उद्या कुणीही जाणकार दुरुस्त करेल, तारीख-जागाच नसेल तर तो तरी काय करणार? माझं काही चुकलंय असं मला अजून वाटत नाही.

वरचं बरंचसं रान २०१० पासून व्याघ्र प्रकल्पात आहे, परवानगी लागते, हे कारण मला सांगू नकोस. तुझ्या मावशीच्या शेताचा बांध आहे ना पाटणला? तिथून सुरू कर.

कोर्स करायचा तर कर, नाही केलास तरी अडत नाही. आणि कुकची महागडी प्रत घेऊ नकोस, पीडीएफ फुकट मिळते, त्या पैशात दहापटीचं चांगलं भिंग येईल, वर एसटीचं भाडंही सुटेल.