आगी लावणाऱ्याला वागण्यावरून पकडायचं, असं करिअर असतं का?

नमस्कार सर, पत्र वाचलं. लेक बारावी सायन्सला, तिला सिरियल आगी लावणाऱ्यांचं प्रोफायलिंग, म्हणजे वागण्यावरून गुन्हेगार ओळखायचं काम, करायचंय आणि तुम्हाला वाटतंय पोरीने वेब सिरीज जास्त बघितल्यात. बघितल्या असतीलही, पण विषय खरा आहे.

तिला कॅलिफोर्नियाची जॉन ऑरची केस वाचायला सांगा. 1987 मध्ये फ्रेस्नोला आगींचा तपास करणाऱ्यांचीच कॉन्फरन्स होती आणि त्याच दिवसांत फ्रेस्नो ते बेकर्सफिल्ड पट्ट्यात चालू दुकानांमध्ये आगी लागल्या, बेकर्सफिल्डला उशिरा पेटणारं जुगाड सापडलं, सिगारेट, काड्या, वहीचा कागद, आणि कागदावर बोटाचा ठसा. तिथले तपास अधिकारी मार्व्हिन केसी म्हणाले, हा आपल्यातलाच कुणीतरी असणार. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. 1989 ला दुसरी कॉन्फरन्स पॅसिफिक ग्रोव्हला, परत वाटेवर तशाच आगी, आणि दोन्हीकडे हजर असलेले जेमतेम दहा जण! 1991 मध्ये ठसा जुळला तो ऑरचा, ग्लेनडेलचा फायर कॅप्टन, स्वतः आगींचा तपास करणारा.

म्हणजे बघा, वागण्यावरून आगींची साखळी जुळली, पण माणूस अडकला तो ठशामुळे. शिवाय पेट्रोल ओतून काडी टाकणारे ढिगाने असतात, तेवढ्यावरून दोन आगी एकाच्या म्हणता येत नाहीत, इतर केसेसमध्ये क्वचित दिसणारी गोष्टच कामाची, आणि क्वचित म्हणजे किती ते ठरवायला शेकडो केसेसची नोंद आणि आकडेमोड लागते. फिनलंड, कॅनडातल्या संशोधकांनी हेच केलंय. मॅथ्स नको म्हणून सायकॉलॉजी घेणाऱ्यांचं इथे काम नाही, स्पष्टच सांगतो.

आता नोकरी. ‘प्रोफायलर’ अशी जाहिरात आपल्याकडे शोधत बसू नका. आत शिरायचे रस्ते वेगळे. मुंबई, नागपूर, संभाजीनगरच्या सरकारी न्यायसहायक विज्ञान (म्हणजे फॉरेन्सिक) संस्थांमधून बीएससी करून लॅबकडे, किंवा सायकॉलॉजी करून गांधीनगरच्या नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटीत फॉरेन्सिक सायकॉलॉजी. तिसरा नागपूरचा, नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेजमध्ये फायर इंजिनीअरिंग. मला विचाराल तर पहिला, कारण 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचंच आहे, राज्यांना तयारीला मुदत दिलीये पण माणसं लागणारच.

तिने बारावीला मॅथ्स घेतलंय की नुसतं बायो, हे तुम्ही लिहिलंच नाहीत. नुसतं बायो असेल तर नागपूरचा फायर इंजिनीअरिंगचा रस्ता बंद समजा, तेवढं आधी कळवा.