बकासनात पाय उचलत नसतील तर

गड्या, बकासनात गुडघे दंडांवर टेकवून सगळा तोल हातांवर घ्यायचा असतो. तुझे हात कमजोर नाहीत, तू पुढे झुकायलाच भितोस. खांदे मनगटांच्या बरेच पुढे गेल्याशिवाय पाय सुटत नाहीत. समोर कापसाची गादी टाक, तोंडावर पडायची भीती जाईल.

शेतात डवरणी (कोळपणी) करून आला असशील तर मनगटं आधी नीट मोकळी कर. मग 10 जोर मार. शेवटच्या जोराला हात सरळ ठेवून खांदे पुढे ने अन् 10 सेकंद थांब. माझी खरी ताकद यातूनच आली.

बोटं फाकव. पुढे कलंडलास की बोटांची टोकं दाब, मागं जातोस वाटलं तर दाब सैल कर. नजर पायांकडे नको, हातभर पुढे. उडी मारू नको. एक पाय उचल, मग दुसरा. 20 सेकंद टिकलास की सांग, पुढचं दाखवतो.