स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर बसवल्यावर काय काय बिघडू शकतं?

मणक्याचं ऑपरेशन होऊनही वडिलांच्या पायात आग होते, डॉक्टरांनी स्टिम्युलेटर सुचवलाय, त्यात धोके काय, असं तुम्ही विचारलंय. आमच्या घरात या विषयावर आजही आवाज चढतात, म्हणून लिहिते.

हा स्टिम्युलेटर म्हणजे कातडीखाली बसवलेलं बॅटरीचं छोटं मशीन; ते तारेतून मणक्यात सौम्य वीज सोडतं, त्यामुळे दुखणं कमी जाणवतं. आमच्या ह्यांना तो बसवलाय. सगळ्यात जास्त सतावते ती मणक्यात सोडलेली तार, म्हणजे लीड. ती सरकते. ह्यांची आग निम्म्याहून कमी झाली होती, रात्री झोप लागत होती. सुरुवातीचे दीड-दोन महिने वाकायचं नाही, हात डोक्याच्या वर न्यायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यातच गणपती आले. मखर माळ्यावर. मोठे भाऊजी खुर्चीत बसून म्हणाले, "अरे, एवढं काय झालंय तुला!" मी नको नको म्हणत असताना हे स्टुलावर चढले. संध्याकाळी मशीनच्या विजेने पोटरीत येणाऱ्या मुंग्या बरगडीत यायला लागल्या आणि पायाची आग पुन्हा सुरू.

हॉस्पिटलमध्ये दर वेळी नुसता प्रोग्रॅम, म्हणजे मशीनच्या विजेची सेटिंग, बदलून घरी पाठवायचे. शेवटी मी हटूनच बसले, तेव्हा एक्स-रे काढला. ऑपरेशनच्या वेळच्या फिल्मशेजारी धरला, तर तार मधली जागा सोडून कडेला गेलेली. पुन्हा टेबलावर, पुन्हा खर्च. भाऊजी तेव्हापासून सगळ्या नातेवाइकांना सांगतात, मशीनच बोगस. साफ चूक. तार जागेवर बसवल्यावर मुंग्या पोटरीत परतल्या आणि आग उतरली.

बाकी तार तुटते, बॅटरीची जागा दुखते, काही जणांना वर्षा-दोन वर्षांनी उपयोग कमी होतो. वडिलांना शुगर असेल तर आधी ती ताब्यात आणा. बॅटरीच्या जागी पू झाला तर बहुतेक वेळा सगळा संच काढावा लागतो. एमआरआय प्रत्येक मॉडेलला चालत नाही, ते बसवण्याआधीच लेखी घ्या. आणि तात्पुरती तार घालून जी ट्रायल घेतात, तिच्यात दुखणं निम्म्यावर आलं नाही तर पक्कं बसवूच नका.

मी डॉक्टर नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगा. मणक्यात रक्त साचणं क्वचित होतं, पण ऑपरेशननंतर पाय लुळे पडले किंवा लघवी अडली तर ताबडतोब हॉस्पिटल गाठा.

आणि घरात हुकूम सोडणारं कुणी मोठं माणूस असेल, तर त्याला ऑपरेशनआधी सोबत न्या आणि हे नियम डॉक्टरांच्या तोंडूनच ऐकवा. आमच्याकडे मी सांगितलेलं कुणी ऐकलं नव्हतं.