तेरीज जुळत नाही तेव्हा

प्रश्न : माझ्या तेरीजपत्रकात (सगळ्या खात्यांच्या शिल्लका नावे म्हणजे डेबिट आणि जमा म्हणजे क्रेडिट अशा दोन बाजूंना मांडलेली यादी) नावे बाजू २,७०० ने कमी पडते. दोनदा तपासूनही चूक सापडली नाही. फरक सस्पेन्स खात्यात (न सापडलेला फरक तात्पुरता ठेवायचे खाते) टाकून पुढे जाऊ का?

उत्तर : इतक्यात नको. चूक कुठे असेल, याचा बराचसा पत्ता हा आकडाच देतो. किर्दीपासून (व्यवहारांची पहिली नोंद होते ती वही) सगळे पुन्हा चाळण्यापेक्षा तेरजेकडून मागे या.

आधी दोन्ही बाजूंच्या बेरजा खालून वर करा. त्याच क्रमाने बेरीज केली की तीच चूक पुन्हा होते. मग नेमकी २,७०० नावे शिल्लक असलेले एखादे खाते उतरवायचे राहिले का, ते बघा. रोख आणि बँकेची शिल्लक हमखास सुटते, कारण ती रोकडवहीत असते आणि आपण फक्त खतावणी (खातेवार नोंदींची वही) उलटतो.

नंतर फरकाची निम्मी रक्कम काढा : १,३५०. ही रक्कम जमा बाजूला दिसली, तर ती मुळात नावेची नाही ना? दिलेली सूट चुकून जमेला जाणे नेहमीचेच. रक्कम एका बाजूला कमी होते आणि दुसरीकडे वाढते, म्हणून फरक दुप्पट पडतो.

तरीही सापडले नाही, तर फरकाला ९ ने भागा. शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेले की फरक नेहमी ९ च्या पटीत येतो. इथे भागाकार ३०० आहे. म्हणजे हजार आणि शतकस्थानच्या अंकांत ३ चा फरक असलेली रक्कम शोधायची : ५,२०० ऐवजी २,५००, किंवा ४,१०० ऐवजी १,४००. एक शून्य गळाले तरी असेच होते; ३,००० चे ३०० लिहिले की फरक २,७०० च. दोन वेगवेगळ्या चुका एकत्र आल्या असतील, तर मात्र या युक्त्या चालत नाहीत. मग प्रत्येक शिल्लक खतावणीशी आणि खतावणीतली प्रत्येक रक्कम किर्दीशी ताडून पेन्सिलीने खूण करत जाणे, एवढाच मार्ग उरतो. सस्पेन्स खाते त्यानंतर, आणि तेही चूक सापडेपर्यंतच.

प्रश्न : तेरीज जुळली, म्हणजे हिशेब बरोबर ना?

उत्तर : नाही. नावे आणि जमा सारखे आहेत, एवढेच त्यातून कळते. व्यवहार लिहायचाच राहिला, किंवा दोन्हीकडे सारखीच चुकीची रक्कम लिहिली, तरी तेरीज जुळतेच. सर्वांत घातक चूक म्हणजे दुरुस्तीचा खर्च यंत्र खात्याला नावे टाकणे. खर्च कमी दिसतो, नफा फुगतो, ताळेबंदात यंत्राची किंमत वाढते आणि पुढची काही वर्षे त्यावर घसाराही (वापरामुळे दरवर्षी कमी धरलेली किंमत) जास्त निघतो. नवे यंत्र आणण्याची वाहतूक आणि ते बसवण्याचा खर्च मात्र यंत्र खात्यालाच जातो. विद्यार्थी नेमके हेच उलटे करतात.

प्रश्न : मालकाने विक्रीचा माल घरी नेला. विक्री खाते जमा करायचे का?

उत्तर : खरेदी खाते जमा करा आणि उचल खाते (मालकाने स्वतःसाठी घेतलेल्या पैशा-मालाचे खाते) नावे टाका, तेही खरेदीच्या किमतीने. विक्री झालेलीच नाही, त्यामुळे त्यावर नफा धरता येत नाही. उचल हा धंद्याचा खर्चही नव्हे. ती नफा-तोटा पत्रकात न जाता ताळेबंदात भांडवलातून वजा होते.